इंद्रायणी भात कधी पेरू ते नंतर, आधी कापणीची तारीख सांगा

प्रश्न थोडक्यात असा आलाय की पवन मावळात वडिलोपार्जित दोन एकर भातखाचरं आहेत, विचारणारे स्वतः हिंजवडीत नोकरीला, वडील आता थकलेत, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत कधी रोप वाफ्यातच म्हातारं होतंय तर कधी कापलेलं भात पाण्यात जातंय. गावात एक जण म्हणतो एसआरटी, म्हणजे नांगरणी-आवणीशिवायची भातपद्धत करा, दुसरा म्हणतो वाण बदला, तिसरा म्हणतो भात सोडा आणि प्लॉटिंग करा. तर नक्की बदलायचं काय?

तिसऱ्या माणसाला माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या दोघांबद्दल बोलतो. मी 26 वर्षं मावळ-मुळशीत कृषी सहाय्यक म्हणून फिरलो, रिटायर होऊन आता कोथरूडला राहतो, पण घरची दीड एकर खाचरं अजून आहेत आणि दर आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, मी चिखलात असतो, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं स्वतः चुकून शिकलेलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. "पाऊस कमी झाला" असं सगळे म्हणतात, पण आपल्या पट्ट्यात पाऊस कमी पडणं हा प्रॉब्लेमच नाहीये. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुणे शहरात सातशे-साडेसातशे. मधल्या उतारावर आपलं भात. एकूण पाऊस पुरतो, पण तो येतो कधी, थांबतो किती दिवस आणि जातो कधी याचा भरवसा गेलाय. तीन वर्षं फक्त आठवा. 2019 ला देशातून मान्सून परत फिरायलाच 9 ऑक्टोबर उजाडला, इतका उशीर आधी कधी नोंदलेला नव्हता, आणि वर महिनाअखेरीला अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ. 2023 ला बिपरजॉय चक्रीवादळानंतर मान्सून असा अडकला की पुण्या-मुंबईत पोचायला 24-25 जून झाला, आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट म्हणजे 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. मग 2025 ला उलटं, 26 मेलाच मान्सून पुण्यात हजर, रोहिणीतच खाचरं भरली, राब, म्हणजे रोपाच्या जागेवरचा पालापाचोळा, भाजायला कोरडा दिवस मिळेना आणि पेरायला वाफसा, म्हणजे बेताची ओल, येईना. एका वर्षी रोपाला पाऊस नाही म्हणून रडलो, दुसऱ्या वर्षी पावसामुळे रोप टाकता येत नाही म्हणून.

आपल्या म्हाताऱ्यांचा हिशोब पुढे चालायचा. रोहिणीत पेर, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, हस्त संपला की विळा. तो हिशोब चांगलाच होता, कारण पाऊस त्या हिशोबाने यायचा. आता मी हिशोब उलटा करायला सांगतो. आधी कापणीचे दिवस ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

हवामान खात्याने 2020 मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईतून मान्सून जाण्याची जुनी तारीख 29 सप्टेंबर होती, ती 8 ऑक्टोबर केली, आणि पुण्याचंही त्याच्याच आसपास आहे. म्हणजे आपल्याला विळा लावायला सुरक्षित दिवस मिळतात ते साधारण 15 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर, आणि तेही नशिबाने. आता इंद्रायणी धरा, पेरल्यापासून 135-140 दिवस. 10 जूनला पेरली तर 25 ऑक्टोबरच्या सुमाराला तयार, मस्त. पण 2023 सारखं 28 जूनला पेरलंत तर थेट 12 नोव्हेंबर, म्हणजे दाणे भरायच्या वेळेला खाचरात ओल नाही, वर थंडी, पळंज (पोकळ दाणे) जास्त. आणि 110-115 दिवसांचं हळवं, म्हणजे लवकर येणारं भात वडिलांच्या सवयीने 5 जूनला टाकलंत तर ते सप्टेंबरच्या शेवटी पिकणार, ऐन हत्तीच्या पावसात. म्हणजे हळवं लावलं की सुटलो असं नाही, हळवं उशिराच टाकायला लागतं. 25 जूनला टाकलेलं 115 दिवसांचं भात 18 ऑक्टोबरला हाताशी येतं, तेव्हा ते उपयोगाचं.

म्हणून माझा पहिला सल्ला, रोपवाटिका एक नाही दोन टाका. पहिला वाफा इंद्रायणीचा, पाऊस असो नसो 5 ते 12 जूनच्या दरम्यान, विहिरीच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर. टँकर म्हटलं की लोक हसतात पण एक एकर आवणीला रोपाची जागा लागते फक्त 4 गुंठे, त्या 4 गुंठ्यांना पंधरा दिवस पाणी देणं परवडतं. दुसरा वाफा हळव्या किंवा निमगरव्या (मध्यम मुदतीच्या) वाणाचा, पंधरा दिवसांनी. पाऊस वेळेवर आला तर दोन्ही लावा. पहिलं रोप पावसाअभावी 40 दिवसांचं होऊन बसलं तर दुसरं तरणं रोप हातात असतं. बियाण्याचा खर्च थोडा वाढतो, हो, पण एकरी 25-30 किलो फेकायची जुनी सवय सोडून 15-16 किलोवर आलात तर दोन वाफे मिळूनही तेवढंच लागतं.

रोपाचं वय ही गोष्ट लोक हलक्यात घेतात आणि माझ्या मते आपल्याकडचं अर्धं नुकसान तिथेच होतं. ठोकताळा सोपा आहे, वाणाच्या जेवढ्या महिने मुदत तेवढे आठवडे रोप वाफ्यात. चार-साडेचार महिन्यांची इंद्रायणी म्हणजे 25 ते 30 दिवसांत उचलायची, हळवं 21 ते 25 मध्ये. चाळिशी ओलांडलेलं रोप लावलं की ते फुटवा करायचं विसरतं, सरळ पोटरीच्या (लोंबी पोटात धरण्याच्या) मागे लागतं. तरी लावायची वेळ आलीच तर दोन-तीन काड्यांऐवजी चार-पाच काड्या आणि अंतर कमी करून 15 बाय 15 सेंमी. शेंडे खुडून लावलं तर खोडकिड्याची अंडी पण त्याबरोबर जातात, फक्त कडा करपा असेल तर खुडू नका, जखमेतून पसरतो.

राबाबद्दल एक. 2025 नंतर मी राब भाजणं जवळजवळ सोडलं. गादीवाफा करतो, एक मीटर रुंद, वीतभर उंच, बाजूने चर. मेमध्येच एखाद्या कोरड्या आठवड्यात वाफे तयार करून वर जुनं प्लास्टिक अंथरून ठेवायचं, पेरायच्या दिवशी काढायचं. खाली माती भुसभुशीत असते, बाहेर चिखल असला तरी. त्या वर्षी शेजारच्याने प्लास्टिक बघून विचारलं, "काय अण्णा, जमिनीला रेनकोट?" आणि आठवड्याने तोच प्लास्टिक कुठे मिळतं म्हणून विचारायला आला.

बियाणं घरचं असेल तर मिठाच्या पाण्याचं काम चुकवू नका. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, नीट विरघळवायचं, त्यात भात ओतून हाताने ढवळायचं आणि मिनिटभर थांबायचं. पळंज आणि अर्धवट भरलेले दाणे वर येतात, सायीसारखा एक थर जमतो, तो चाळणीने काढून कोंबड्यांना. ज्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस झाला असेल त्याच्या पुढच्या वर्षी हा थर बघा, मी एकदा दहा किलोत अडीच किलो वर आलेलं बघितलंय. ते तसंच पेरलं असतं तर वाफा विरळ आला असता आणि आपण दोष दिला असता बियाण्याच्या दुकानाला. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचं, सावलीत सुकवायचं, मग अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी ही जिवाणू खतं किलोला 25-25 ग्रॅम चोळायचं.

आता वाणाचं. इंद्रायणी 1987 ला आपल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आली, आंबेमोहर 157 आणि आयआर 8 चा संकर, वास आईचा आणि उत्पन्न बापाचं म्हणा. भाव मिळतो, पुण्यात गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, त्यामुळे ती सोडा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही. पण तिच्या नादाने आपण एक जुनी अक्कल गमावली. पूर्वी वरच्या खाचरात, जिथे पाणी लवकर आटतं, तिथे हळवं असायचं, मधल्या टप्प्यात निमगरवं आणि वहाळाजवळच्या पाणथळ खाचरात गरवं, म्हणजे उशिरा येणारं. एकाच घरात तीन-तीन भातं. शिवाय जुने बरेच गरवे वाण दिवस लहान व्हायला लागले की निसवायचे, मागेपुढे पेरले तरी लोंब्या साधारण एकाच सुमाराला. आता वरपासून खालपर्यंत सगळीकडे इंद्रायणी, एकाच आठवड्यात पेर, एकाच आठवड्यात निसवा आणि एकाच आठवड्यात सगळ्या गावाला मजूर पाहिजेत, मग एका पावसात अख्खं गाव बुडतं. तर तुमच्या दोन एकरांतलं खालचं सव्वा एकर इंद्रायणीला ठेवा आणि वरचं पाऊण एकर 115-130 दिवसांच्या वाणाला द्या. फुले समृद्धी निमगरव्यात चांगली आहे, हळव्यात कर्जतचे वाण आपल्याकडे चालतात. खायला घरी तेच ठेवायचं, विकायला इंद्रायणी.

मुळशीच्या लोकांसाठी कंसाबाहेरचं एक वाक्य, आंबेमोहराला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, भाव आहे, पण ते उंच भात आहे आणि ऑक्टोबरच्या वाऱ्यात लोळतं. शिवाय सुवासिक भाताला दाणे भरताना रात्री गार लागतात, ऑक्टोबरच्या रात्री उबट झाल्या की वासाला मार बसतो. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 2004 ला स्वतःच्या शेतातल्या नोंदींवरून दाखवलं होतं की तिकडच्या उन्हाळी भातात रात्रीचं किमान तापमान 1 अंशाने वाढलं की उत्पन्न साधारण 10 टक्क्यांनी पडतं. आपल्याकडचा आकडा तोच असेल असं नाही, पण दिवसाच्या उन्हाकडे सगळे बघतात, रात्रीकडे कोणी बघत नाही.

खताचं बघा. पूर्वी रिमझिम असायची, युरिया फेकला तरी चालायचं. आता एका रात्रीत शंभर-दीडशे मिमी येतो आणि आदल्या दिवशी फेकलेला युरिया बांध फोडून इंद्रायणीत, म्हणजे नदीत, भाताला काही नाही. यावर उपाय जुनाच आहे, डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री भातपद्धत. त्यातलं बाकी सगळं जमलं नाही तरी ब्रिकेट घ्याच. युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी, चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये एक, सात-दहा सेंमी खोल चिखलात दाबायची, आवणीच्याच दिवशी. एकरी 68 किलो लागतात. कंबर मोडते, खोटं बोलत नाही, आणि जोडओळीची लावणी नसेल तर चार चुडांचा मध्य शोधत बसाल, म्हणून दोरी लावूनच आवणी करा. पण एकदा गोळी खाली गेली की वर कितीही कोसळू दे, ती हलत नाही. बांधावर गिरिपुष्प लावा, चिखलणीच्या आधी पाला कापून गाडायचा, एकरी बारा-एक क्विंटल. जमीन ओल धरून ठेवू लागते हे तीन-चार वर्षांनी कळतं, लगेच नाही.

ओल म्हटलं की ऑगस्टचा खंड. पंधरा दिवस उघडीप पडली की खाचराला भेगा, आणि गंमत बघा, मुळशी धरण भरलेलं असतं, त्याचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघराकडे जातं आणि काठावरचं भात आभाळाकडे बघतं. इथे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बांध, आणि बांधाचा शत्रू खेकडा. जुलैत उघडीप मिळाली की रोज सकाळी बांधावरून अनवाणी चालायचं. जिथे पायाला बांध मऊ लागतो आणि खालच्या खाचरात गढूळ पाण्याची दोरी दिसते तिथे बीळ आहे. वरून माती टाकून उपयोग नाही, हात घालून बीळ उकरायचं, दगड-गवत-चिखल असं कोंबून टाचेने दाबायचं. आमचे वडील हे काम पाऊस चालू असताना इरलं घेऊन करायचे, मी मात्र उघडीप बघतो. एका बिळातून रात्रीत खाचर रिकामं होतं, शेततळ्याच्या सबसिडीचा फॉर्म भरण्याआधी बिळं बुजवा.

पाणी थोडंच असेल तर ते कधी द्यायचं हे ठरवा. फुटव्याच्या काळात चार दिवस खाचर सुकलं तर भात मरत नाही, उलट मुळं खोल जातात. पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत मात्र अजिबात ताण नको, तिथे बसलेला फटका भरून निघत नाही. पाण्याची पातळी बघायला फुटभर पीव्हीसी पाईपला खालच्या अर्ध्या भागात भोकं पाडून तो खाचरात अर्धा रोवा, आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंमी गेलं की मगच पंप चालू. सतत तुंबलेल्या पाण्यात मातीतले जिवाणू मिथेन करतात, असं आलटून पालटून सुकवलं की तो कमी होतो, म्हणून हल्ली कार्बन क्रेडिटवाले गावोगाव सह्या घेत फिरतायत. माझं मत, सततच्या पावसात मावळात जुलैत खाचर सुकवणं हे कागदावरच शक्य आहे, पाईपचा खरा उपयोग सप्टेंबरला किंवा उन्हाळी भाताला. सही करण्याआधी करार मराठीत मागा.

एसआरटीचं विचारलंत. नेरळच्या सगुणा बागेतले चंद्रशेखर भडसावळे यांनी ही पद्धत आणली, कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. हवामानाच्या दृष्टीने फायदा मोठा आहे, कारण आवणीसाठी खाचर भरायची वाट बघायला लागत नाही, रोप म्हातारं व्हायचा प्रश्नच मिटतो आणि मजूर वाचतात. मी 8 गुंठ्यांवर केली. पहिल्या वर्षी गवताने रडवलं, तणनाशकाची वेळ दोन दिवसांनी चुकली आणि भात शोधायला लागलं. दुसऱ्या वर्षी टोकणीनंतर लगेच मोठा पाऊस आला आणि बी कुजून जागोजागी टक्कल पडलं. तिसऱ्या वर्षी मात्र आवणीच्या बरोबरीने उतरलं, आणि वाफे उकरले तर मुठीत गांडुळं. तेव्हा पाणथळ खाचरात नको, वरच्या, निचऱ्याच्या खाचरात पाच-सात गुंठ्यांवर सुरू करा आणि पहिल्या वर्षाच्या निकालावर रागावू नका. तुम्ही वीकेंडला येणार असाल तर एक सांगून ठेवतो, तण शनिवारची वाट बघत नाही.

कापणीवर जरा जास्त लिहितो, कारण सगळं जिंकून तिथे हरलेलो आहे. 2019, 18 ऑक्टोबर. आभाळ मोकळं, मी 18 गुंठे कापून घेतले आणि नेहमीसारखं खाचरातच सुकायला पसरलं. 21 तारखेला विधानसभेचं मतदान, माणसं म्हणाली मतदान करून येतो. मधल्या काळात पाऊस जो लागला तो सोडेना. पाचव्या दिवशी पेंढी उचलली तर खालच्या बाजूने लोंबीतल्या लोंबीत पांढरे कोंब फुटलेले, अर्धा इंच, आणि आंबूस वास. व्यापाऱ्याने मूठभर चोळून बघितलं आणि काही न बोलता पिशवीत परत टाकलं. लोक म्हणतात ना, "पडतील स्वाती तर पिकतील मोती", ती म्हण रब्बीवाल्यांची, ज्वारीवाल्यांची. भातवाल्याची म्हण "पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा", म्हणजे उत्तरा नक्षत्रात बरसला तर इतकं पिकतं की कुत्रंही भाताला विटतं, पण उत्तरा संपली की आपल्याला पाऊस नकोच.

तेव्हापासून नियम असा. लोंबीतले 80-85 टक्के दाणे पिवळे झाले की कापायचं, पूर्ण वाळायची वाट नाही. त्याआधी आठ-दहा दिवस खाचराचं पाणी बांध फोडून काढायचं. एका दिवसात झोडता येईल तेवढंच एका दिवसात कापायचं, पसरून ठेवायचं नाही, दाणे ताडपत्रीवर सुकवायचे, पाऊस आला तर ताडपत्री दुमडता येते, खाचर दुमडता येत नाही. साठवताना ओल 14 टक्क्यांच्या आत, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. सावड करणारी, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणारी चार घरं धरून ठेवा, रोजंदारीचा माणूस ढग आल्यावर फोन उचलत नाही. आणि अंदाज बघा, पण व्हॉट्सअॅपवरचा नको. शिमला ऑफिसचा, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कचेरीचा, जिल्ह्याचा अंदाज रोज येतो, कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांचा कल गुरुवारी. कापणीचा दिवस मी शुक्रवारचा सल्ला वाचून ठरवतो.

विम्याचं एवढंच की एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला, आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता आपण भरायचा आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या सरासरी उत्पन्नावर, म्हणजे तुमच्या एकट्याच्या कापलेल्या भाताला कोंब आले तर त्यातून काही मिळेल हे धरून चालू नका. ती ताडपत्री हाच विमा.

आणि मे 2025 मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले, त्यातलं कमला वीस दिवस लवकर येतं म्हणतात. ते सांबा मसुरीवरून केलेलं आहे, आपल्या चिकट-सुवासिक इंद्रायणीचं गिऱ्हाईक ते खाणार नाही, तेव्हा त्याची वाट बघत बसू नका.

या रविवारी गावी जा आणि वडिलांना बरोबर घेऊन सगळ्या खाचरांवरून एक फेरी मारा, वही-पेन घेऊन. प्रत्येक खाचराला त्यांच्याकडे नाव असेल, आंब्याखालचं, वहाळाकडचं, असं काहीतरी. प्रत्येकापुढे लिहून घ्या की दसऱ्यानंतर पाणी कुठे आधी आटतं आणि कुठे दिवाळीपर्यंत पाय रुततो. ते लिहून मला पाठवा, मग कुठल्या खाचरात कुठलं भात आणि कुठल्या तारखेचा वाफा ते खाचरागणिक सांगतो.